सरकारी तळघराचा हिशोब कुणी मागायचा?

आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेर फळ्यावर वाचून एका गृहस्थांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, सरकारची पण दारू असते का?" मी म्हटलं, काही सरकारांची असते. ती कुठे ठेवलेली असते, कुणाला पाजली जाते आणि किती उरली, हे विचारायचा अधिकार सामान्य माणसाला आहे का, एवढंच आज बोलायचं आहे. आज २८ सप्टेंबर, म्हणजे माहिती अधिकार दिन. अकराच दिवसांपूर्वी आपण मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन केलं. या दोन दिवसांचा एकमेकांशी संबंध आहे असं मला वाटतं. तो कसा, ते बोलता बोलता येईलच.

आधी एक गंमत. मराठी इतिहास वाचणाऱ्याला 'सरकारी दारूखाना' म्हटलं की बाटल्या आठवत नाहीत. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत दारूखाना आहे, पण ती दारू बंदुकीची. पिण्याच्या वस्तूंसाठी अबदारखाना वेगळा, शरबतखाना वेगळा. आणि त्याच यादीत दप्तरखाना. धान्य, हत्ती, जवाहीर, तंबू, पाणी या सगळ्यांची कोठारं आणि त्यांच्या जोडीला कागदांचंही कोठार. हे लक्षात ठेवा, आपल्याला परत तिथे यायचं आहे.

आता लंडनला जाऊ. तिथे लँकेस्टर हाउस नावाचा एक जुना वाडा आहे. सरकारी मेजवान्या आणि परिषदा तिथे होतात. त्याच्या तळघरात ब्रिटिश सरकारचा अधिकृत मद्यसाठा आहे. परदेशी पाहुण्यांच्या पाहुणचारासाठी १९०८ मध्ये एक वेगळा निधी उभारला गेला, आणि १९२० च्या दशकापासून हा साठा त्या तळघरात आहे. बाटल्या तीस हजारांच्या वर. कोणती वाइन आता घ्यायची, कोणती आणखी दहा वर्षं मुरू द्यायची, हे सांगायला जाणकारांची एक सल्लागार समिती असते. वाइन तरुणपणी स्वस्त घ्यायची आणि म्हातारी झाली की पाहुण्याला द्यायची, असा तो व्यवहार. त्यामुळे होतं काय, की वीस-तीस वर्षांपूर्वी थोडक्या पैशात घेतलेल्या बाटलीची बाजारातली किंमत आज डोळे फिरवणारी असते. सरकार म्हणतं, आम्ही काटकसर केली. करदाता म्हणतो, एवढी महाग बाटली पाजता कुणाला?

खासदार तिथे वेळोवेळी प्रश्न विचारत आले. मग त्यांचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा आला. मंजूर झाला २००० मध्ये, अमलात आला १ जानेवारी २००५ ला. आपला आला त्याच वर्षी, १२ ऑक्टोबरला. पुढे तिथे आर्थिक ओढाताणीचे दिवस आले आणि २०११ मध्ये सरकारने ठरवलं की तळघर मोडायचं नाही, पण त्याने आपला खर्च आपण भागवायचा. फार किमती झालेल्या काही बाटल्या लिलावात विकायच्या आणि त्या पैशातून साधी खरेदी करायची. त्याचबरोबर किती बाटल्या आल्या, किती संपल्या, साठ्याची किंमत किती, स्वदेशी वाइन किती वापरली, याचं वार्षिक निवेदन संसदेपुढे ठेवायला सुरुवात झाली. कुणी अर्ज करायची वाट न पाहता.

आपल्याला त्यांच्या वाइनचं काय करायचं? काहीच नाही. पण कोठाराचा रखवालदार हिशोब कुणाला देतो, हा प्रश्न आपलाही आहे, आणि तो फार जुना आहे.

आपल्याकडे पूर्वी हिशोबच नव्हता, असा एक समज असतो. तो चूक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या कारभारासाठी सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे, त्याच्यावर वेगळं प्रकरण आहे. अधिकारी सरकारी पैसा कसकसा खातात याचे चाळीस प्रकार त्या ग्रंथात मोजून दिले आहेत. चाळीस! म्हणजे बारकाईत काही कमी नाही. पण हा सगळा हिशोब जातो कुणाकडे? राजाकडे. मराठी राज्यातही कारखान्यांची जमाखर्चाची शिस्त होती. पेशव्यांच्या दप्तरात तर खाण्यापिण्याच्या, दानदक्षिणेच्या, नजराण्यांच्या नोंदींचा डोंगर आहे. तोही वर जाणारा. खालच्या माणसाने वरच्याला द्यायचा. रयतेने कारखानिसाला विचारावं, "यंदा अबदारखान्यावर काय खर्चलं?" ही कल्पनाच त्या व्यवस्थेत बसत नाही. विचारणारा उद्धट ठरला असता किंवा वेडा.

पेशवाई १८१८ ला बुडाली, दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्याच इतिहासाचे अभ्यासक त्या रुमालांसाठी ताटकळले. इनामांची चौकशी करायला सरकारला ते कागद चालत होते. अभ्यासकाला मात्र दार किलकिलं. शेवटी गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून निघाले. पंचेचाळीस खंड, तरी निवडक! कागद होता, शाबूत होता, नीट बांधलेला होता. फक्त कुणी बघायचा हे सरकार ठरवत होतं.

बेंबळीचा तर त्या पेशवे दप्तराशी थेट संबंधही थोडाच. आपण निजामाच्या मुलखातले. जिल्ह्याचं नावच निजामाच्या नावावरून उस्मानाबाद पडलेलं, ते आता धाराशिव झालं. हैदराबाद संस्थानात सरकारी उत्पन्नाचे दोन खजिने होते. एक दिवाणीचा, म्हणजे राज्यकारभाराचा. दुसरा सर्फ-ए-खासचा, म्हणजे निजामाचा खासगी. संस्थानाच्या मुलखाचा सुमारे दहावा हिस्सा या खासगी खात्यात होता. तिथल्या शेतकऱ्याचा सारा राजाच्या स्वतःच्या तिजोरीत जायचा. आबकारी, म्हणजे शिंदी आणि दारूवरचा महसूल, हे तर संस्थानाच्या उत्पन्नाचं फार मोठं साधन. गावातल्या माणसाने शिंदी प्यायली तर त्याचा पैसा न पैसा सरकारदरबारी मोजला जात होता. राजवाड्यात काय खाल्लं-प्यायलं गेलं ते मात्र 'खास' होतं. खास या शब्दाचा तिथे अर्थच विचारू नये असा.

पोलीस कारवाई झाली सप्टेंबर १९४८ मध्ये. त्यानंतर १९४९ च्या सुरुवातीला सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झालं. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत आपण रझाकार सांगतो, सत्याग्रह सांगतो, आणि ते सांगायलाच हवं. पण या विलीनीकरणाबद्दल कुणी फार बोलत नाही. मला ती घटना झेंड्याइतकीच मोठी वाटते. सत्ताधाऱ्याचा खिसा आणि राज्याची तिजोरी या दोन गोष्टी त्या दिवशी कागदावर वेगळ्या झाल्या. त्याआधी राजा पाहुण्याला पाजत होता ते त्याच्या खिशातलं म्हणता येत होतं. त्यानंतर कुठलाही सरकारी यजमान तसं म्हणू शकत नाही. तो दुसऱ्याच्या पैशाने यजमान आहे.

त्याच सुमाराला पलीकडे मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, १९४९ चा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. पुढच्या वर्षी पूर्ण दारूबंदी. राज्यघटनेतही सत्तेचाळिसाव्या कलमात दारूबंदीकडे जावं असं मार्गदर्शक तत्त्व आलं. आपण १ नोव्हेंबर १९५६ ला त्या राज्यात गेलो, आणि कायदा नंतर आपल्यालाही लागला. आता बघा, तो कायदा आहे कसा. सामान्य माणसाला बंदी. पण परदेशी राजे, राष्ट्रप्रमुख, राजदूत, वकिलातीतली माणसं यांना खास परवाने देण्याची तरतूद त्यातच आहे. म्हणजे पाहुणा आला की सरकारची पंचाईत होऊ नये याची काळजी बंदी घालतानाच घेतलेली. मी याला ढोंग म्हणणार नाही. पाहुण्याच्या चालीरीतींचा मान राखणं ही रीत आहे. पण तिथे कोठार आलं, परवाना आला, म्हणजे नोंदही आली.

आणि आपली नोंद? ती तर अजून आहे. १९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, पण कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायची तर परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. आणि तो कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी! (हसू नका, कायद्याची भाषा आहे.) परवानेवाल्याने महिन्याला बारा युनिटच घ्यायची. म्हणजे माझ्या कपाटात किती बाटल्या असाव्यात हे सरकारला माहीत असण्याची पूर्ण व्यवस्था आहे. सरकारच्या कपाटात काय आहे हे मला कळण्याची व्यवस्था यायला मात्र दुसऱ्या शतकाचा उंबरठा ओलांडावा लागला.

ती कशी आली ते ऐकण्यासारखं आहे, कारण तिचं मूळही थोडंफार बाटलीतच आहे. मुंबईचे एफ. एन. बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ दारूबंदी कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला मे १९५१ मध्ये. कायद्याचा मोठा भाग टिकला. लष्कराच्या मेसला दिलेली सूटही टिकली. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांतल्या अल्कोहोलवरची बंदी गेली. पण आणखी एक कलम उडालं, ज्याची चर्चा कमी होते. मादक पदार्थांची वाखाणणी करणं हासुद्धा त्या कायद्यात गुन्हा होता. कोर्ट म्हणालं, हे घटनेच्या १९(१)(क) कलमाविरुद्ध आहे, भाषणस्वातंत्र्याविरुद्ध. दारू पिण्याचा मूलभूत हक्क तुम्हाला नसेल, पण तिच्याबद्दल बोलण्याचा आहे.

आता चोवीस वर्षं पुढे या. राज नारायण विरुद्ध इंदिरा गांधी हा निवडणूक खटला सर्वांना ठाऊक आहे. त्याच खटल्यात एक पोटखटला झाला. पंतप्रधानांच्या दौऱ्यातल्या सुरक्षेच्या सूचनांचं एक पुस्तक होतं, त्याला 'ब्लू बुक' म्हणत. ते आणि दौऱ्याच्या खर्चाचे कागद राज नारायण यांनी मागितले. उत्तर प्रदेश सरकार म्हणालं, गोपनीय. सुप्रीम कोर्टाचा निकाल जानेवारी १९७५ चा. त्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी मांडलं की सरकारी अधिकारी सार्वजनिक रीतीने जे जे करतात ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे, आणि तो भाषणस्वातंत्र्यातूनच येतो. कारण ज्याला माहिती नाही तो बोलणार काय? तो हक्क निरपवाद नाही, हेही त्यांनी सांगितलं.

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मला या दोन निकालांची जोडी फार आवडते. घटनेचं कलम एकच. १९५१ मध्ये त्याने बाटलीबद्दल बोलू दिलं, १९७५ मध्ये सरकारी कागद मागू दिला. वकिलांना ही जोडी ओढूनताणून लावलेली वाटेल. वाटू द्या.

पुढचा इतिहास जवळचा आहे, भराभर सांगतो. राजस्थानात मजुरांनी हजेरीपटाचे कागद मागितले, १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं, आणि त्यांची मागणी एका शब्दाची होती, हिशोब. गोव्याने १९९७ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचा २००० चा कायदा नावापुरता होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर बरा कायदा आला, २००२ पासून लागू धरलेला. आणि मग २००५ चा केंद्राचा.

आता आपल्याकडचं तळघर. महाराष्ट्र सरकारचं लँकेस्टर हाउससारखं काही मी तुम्हाला दाखवू शकत नाही. आपल्याकडचा सरकारी पाहुणचार म्हणजे चहापान. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विरोधकांना बोलवायचं आणि विरोधकांनी बहिष्कार टाकायचा, तेच ते. मार्च २०१८ मध्ये काँग्रेसचे संजय निरुपम यांनी माहिती अधिकारात मिळालेले आकडे जाहीर केले. मुख्यमंत्री कार्यालयाचा चहापानाचा खर्च २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ लाख होता, तो २०१७-१८ मध्ये ३ कोटी ३४ लाखांवर गेला. त्यांनी भागाकार करून दिवसाला अठरा हजारांवर कप काढले. राज्यभर हशा. सरकारकडून खुलासा आला की हा खर्च नुसत्या चहाचा नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या, बैठकांच्या सगळ्या पाहुणचाराचा आहे.

दोन्ही बाजूंचं राजकारण सोडून द्या. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते खात्याचं शीर्षक. एका 'चहापान' शब्दाखाली काय काय मावतं! खुलासा खरा असेल तर लोकांना इतके दिवस दिसत होता तो आकडा होता, हिशोब नव्हता. आणि कपांचा भागाकार हासुद्धा हिशोब नव्हे, ती कोटी झाली. अर्धी माहिती दिली की अर्ध्या माहितीवरचे विनोद होतात. पाहुणे किती, बैठका किती, जेवणं किती, भेटवस्तू किती, असे चार रकाने आधीच मांडलेले असते तर निरुपमांना हसवता आलं नसतं किंवा सरकारला खुलासा करता आला नसता. दोहोंपैकी एक.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो बाहेरून येत नाही, आपल्या आतून येतो. पाहुण्याला वाढलेलं मोजायचं का? मी एका महाविद्यालयात असताना तपासणीसाठी समिती आली होती. तीन दिवस उत्तम सरबराई झाली. नंतर विभागांची ग्रंथखरेदी कापली गेली, तेव्हा मी बैठकीत विचारलं की पाहुणचारावर किती गेले. सन्नाटा. मग एक वयस्क सहकारी हळूच म्हणाले, "सर, पाहुण्यांचं काढू नये." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती हो. खरोखर वाईट वाटलं होतं त्यांना. मी त्या दिवशी गप्प बसलो. मला आकडा शेवटपर्यंत कळला नाही, आणि त्या वर्षी ग्रंथालयात आलेली पुस्तकं एका कपाटाचा अर्धा कप्पाही भरतील इतकी नव्हती.

पुष्कळ दिवस मी त्या वाक्यावर विचार केला. घरी आलेल्या पाहुण्याचं काढू नये, हे शंभर टक्के खरं. कारण घरचा यजमान स्वतःच्या ताटातलं देतो. त्याने मोजलं तर त्याचं देणं उणं होतं. सरकारी यजमान स्वतःच्या ताटातलं देतच नाही. मग ज्याच्या ताटातलं गेलं त्याने विचारलं तर तो असभ्यपणा कसा? आपण घरची सभ्यता दफ्तरात नेऊन ठेवली आणि तिच्या आडून सर्फ-ए-खास परत उभं केलं, असं माझं मत आहे.

गुप्ततेला जागाच नाही असं मी म्हणत नाही. उद्या कोणता परदेशी मंत्री कोणत्या दाराने येणार हे आज सांगू नये. सीमेवर तणाव असताना कुणाला गुपचूप जेवायला बोलावलं, हेही काही काळ झाकलेलं बरं. खरेदीची बोलणी चालू असताना वरचा भाव फोडला तर नुकसान आपलंच. कायद्याच्या आठव्या कलमात अशा अपवादांना जागा आहे. पण या कारणांचा काळ संपतो. पाहुणा परत गेला, सौदा झाला, बाटली रिकामी झाली. त्यानंतरही कागद बंद राहत असेल तर तो पाहुण्यासाठी बंद नाही.

इमॅन्युएल कान्ट याने १७९५ मध्ये चिरशांतीवर एक निबंध लिहिला. त्याच्या परिशिष्टात त्याने सार्वजनिक व्यवहाराची एक कसोटी दिली आहे. माझ्या शब्दांत सांगायची तर अशी : दुसऱ्याच्या हक्कांना हात घालणारं एखादं काम, ते कोणत्या तत्त्वावर करतोय हे उघड सांगितलं की जर फसणार असेल, तर ते काम अन्याय्य आहे. लक्षात घ्या, त्याने कृती उघड करा असं म्हटलं नाही, तत्त्व उघड करा म्हटलं. उद्याच्या पाहुण्याचं नाव झाकता येईल. पण 'आम्ही पाहुण्यांची नावं इतके दिवस झाकतो, या कारणाने झाकतो' हे झाकता येणार नाही.

आता जरा काळजीचं. २००५ च्या कायद्यात कलम ८(१)(ञ) खाली एक परंतुक होतं. त्याचा आशय असा की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. बघा, किती मोठी गोष्ट आहे! विधानसभेतला आमदार आणि बेंबळीतला अर्जदार एका रांगेत. खासगी माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात हे कलम बदलून ते परंतुक काढलं. आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच कारण उरलं. जनहित मोठं असेल तर माहिती देता येईल असं कलम ८(२) अजून आहे, नाही असं नाही. पण आधी कागद का देत नाही हे अधिकाऱ्याला सांगावं लागे. आता त्यात जनहित किती मोठं आहे हे पटवून द्यायचं ओझं अर्जदाराच्या डोक्यावर येणार अशी मला भीती वाटते. आणि पाहुणचाराच्या प्रत्येक व्हाउचरवर कुणा ना कुणा व्यक्तीचं नाव असतंच.

वेळ होत आलाय. मघाचे दारातले गृहस्थ मागे बसलेत, त्यांनी चिठ्ठी पाठवली आहे : "सर, लंडनचं राहू द्या, आपल्या पंचायतीचं चहापाणी कसं मागायचं?"

सांगतो, लिहून घ्या. अर्ज ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी लागत नाही. विषय एकच आणि दीडशे शब्दांच्या आत, आपल्या राज्याच्या नियमात तसं आहे. 'चहापानावर किती खर्च केला' असं विचारू नका, आकडा मिळेल आणि मघासारखी गत होईल. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या आतिथ्य खर्चाच्या प्रमाणकांच्या प्रती द्या, असं लिहा. 'का केला' असं तर अजिबात विचारू नका, कायद्यात कागद मिळतो, कारण मिळत नाही. पानाला दोन रुपये पडतील. तीस दिवस थांबा. नाही आलं तर पहिलं अपील पंचायत समितीत, आणि तिथेही नाही तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. त्याला मात्र वेळ लागतो, किती ते विचारू नका. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारखेसकट.